यादी भरतानाच महाविद्यालय ठरते: बारावीनंतरच्या प्रवेशात खानदेशातील पालकांनी काय करावे

बारावी विज्ञानच्या मुलामुलींच्या घरी जून ते ऑगस्ट या काळात एक ठरलेला क्रम पाहायला मिळतो. आधी पर्सेंटाइल लागतो, मग नातेवाइकांचे फोन येतात, मग कोणीतरी ‘पोऱ्याले पुन्याले टाकी द्या’ असा सल्ला देतो, आणि प्रत्यक्ष पसंतीक्रमाचा अर्ज मात्र शेवटच्या रात्री सायबर कॅफेत, तिथल्या मुलाने सुचवलेल्या क्रमाने भरला जातो. महाविद्यालय मिळाल्यावर घरात चर्चा सुरू होते, तेव्हा चर्चेची वेळ निघून गेलेली असते. हा लेख मुख्यतः अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्राच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेला, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘कॅप’ला धरून लिहिला आहे. वैद्यकीय, कृषी किंवा बीबीए-बीसीएकडे जाणाऱ्यांसाठी नियम वेगळे असले, तरी घरात करायची तयारी बरीचशी सारखीच आहे.

निर्णयाचा खरा क्षण

प्रवेश परीक्षा आणि कॅप चालवणाऱ्या राज्य सीईटी कक्षाने 2025-26 या वर्षी अभियांत्रिकीसाठी कॅपच्या चार फेऱ्या ठेवल्या आणि त्यांत एक महत्त्वाचा बदल केला. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली तर तो प्रवेश घेणे बंधनकारक झाले. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणतीही जागा मिळाली तरी ती आपोआप ‘फ्रीझ’ म्हणजे कायम होऊ लागली. अशी जागा नाकारणारा विद्यार्थी पुढच्या फेऱ्यांतून बाद होतो. दरवर्षी माहितीपुस्तिका नव्याने निघते आणि नियमांत फरक पडतो, म्हणून आपल्या वर्षाची पुस्तिका पालकाने स्वतः वाचावी. ती लांबलचक असते, पण फेऱ्यांचे नियम, आरक्षण, कागदपत्रे आणि प्रवेश रद्द करण्याच्या तारखा एवढीच प्रकरणे वाचली तरी काम भागते.

या नियमाचा अर्थ असा की, ‘आधी मिळू तर द्या, मग बघू’ ही जुनी सवय आता परवडणारी नाही. दुसऱ्या फेरीत तिसऱ्या क्रमांकावर सहज म्हणून टाकलेले महाविद्यालय मिळाले, तर तेच पुढच्या चार वर्षांचे महाविद्यालय ठरते. त्यामुळे घरातील सगळा खल, पैशाचा हिशेब, वसतिगृहाची चौकशी आणि महाविद्यालयाला प्रत्यक्ष भेट हे सर्व पसंतीक्रम भरण्याच्या आधी उरकावे लागते. पुढील सर्व पायऱ्या याच क्रमाने दिल्या आहेत.

अकरावीतच सुरू होणारे काम: कागद

पालकांनी मुलाच्या अभ्यासात कमी आणि कागदपत्रांत जास्त लक्ष घालावे, असे माझे स्पष्ट मत आहे. अभ्यास त्याने करायचा आहे. तहसील कचेरीच्या खेपा मात्र त्याने करू नयेत.

राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्यासाठी सर्वांत वेळखाऊ कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. जातीचा दाखला वेगळा आणि जात पडताळणी समितीने दिलेले वैधता प्रमाणपत्र वेगळे, हे अजूनही अनेक घरांत प्रवेशाच्या वेळीच समजते. अकरावीत विज्ञान शाखेला प्रवेश घेतल्याबरोबर महाविद्यालयामार्फत वैधतेचा प्रस्ताव दाखल करावा. घरात सख्ख्या काकांचे, आत्याचे किंवा मोठ्या भावाचे वैधता प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत वंशावळीसह जोडावी, त्याने बराच फरक पडतो. अनुसूचित जमातीच्या दाव्यांची पडताळणी स्वतंत्र समितीकडे होते आणि आपल्या भागातील काही जमातींच्या प्रकरणांत जुने पुरावे बारकाईने तपासले जातात. म्हणून आजोबांच्या शाळेचा दाखला, कोतवाल बुकाचा उतारा, जुना सातबारा आणि फेरफार नोंदी आधीच शोधून ठेवाव्यात. आजोबांच्या दाखल्यावर एक नोंद, वडिलांच्या दाखल्यावर दुसरी आणि मुलाच्या आधारवर आडनावाचे स्पेलिंग तिसरेच, अशी स्थिती असेल तर ती दुरुस्त करायला अकरावीचे वर्ष पुरते. बारावीचा मे महिना पुरत नाही.

इतर मागासवर्ग, विमुक्त जाती व भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग यांना नॉन-क्रिमिलेयर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र लागते. ते ज्या शैक्षणिक वर्षासाठी प्रवेश घ्यायचा त्या वर्षाच्या अखेरच्या 31 मार्चपर्यंत वैध असावे लागते, म्हणजे 2025-26 च्या प्रवेशासाठी 31 मार्च 2026 पर्यंत. घरातील फाइलमध्ये नॉन-क्रिमिलेयर आहे एवढ्यावर निश्चिंत न होता त्यावरील तारीख पाहावी. याबाबत एक गैरसमज शेतकरी आणि नोकरदार दोघांमध्येही आढळतो. क्रिमिलेयरची 8 लाखांची मर्यादा तपासताना शेतीचे उत्पन्न आणि पगाराचे उत्पन्न त्यात मिळवले जात नाही. मात्र शिष्यवृत्तीसाठी लागणारा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला ही निराळी गोष्ट आहे, तिथे कुटुंबाचे एकूण उत्पन्न पाहिले जाते.

जेईईमार्गे केंद्रीय संस्थांत किंवा नीटच्या अखिल भारतीय कोट्यात जाण्याची शक्यता असेल, तर आरक्षणाची प्रमाणपत्रे केंद्राच्या नमुन्यात वेगळी काढावी लागतात. राज्याच्या यादीतील काही प्रवर्ग केंद्राच्या यादीत वेगळ्या गटात मोडतात किंवा नसतातच, हेही आधी तपासावे. याखेरीज अधिवास प्रमाणपत्र, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार हे सर्व स्वच्छ स्कॅन करून मुलाच्या आणि पालकाच्या अशा दोन्ही मोबाइलवर ठेवावे. वर्ष वाया गेले असल्यास खंड प्रमाणपत्र म्हणजे गॅपचे प्रतिज्ञापत्र लागते. अर्ज करताना दिलेला मोबाइल क्रमांक आणि ई-मेल शेवटपर्यंत बदलू नये आणि तो कॅफेवाल्याचा तर अजिबात असू नये. सर्व ओटीपी त्यावरच येतात, आणि पासवर्ड ज्याच्या हाती त्याच्या हाती पसंतीक्रम.

बारावी कोठून केली, याला किंमत आहे

खानदेशातून अकरावी-बारावीसाठी लातूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याला जाण्याची रीत आता रुळली आहे. हा निर्णय घेताना क्लासच्या निकालाची चर्चा होते, पण ‘होम युनिव्हर्सिटी’ची होत नाही. अभियांत्रिकीत बहुतेक संलग्न महाविद्यालयांच्या राज्याच्या जागांपैकी 70 टक्के त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातील विद्यार्थ्यांसाठी आणि 30 टक्के बाहेरच्यांसाठी असतात. विद्यार्थ्याचे क्षेत्र साधारणपणे त्याने बारावी जिथून उत्तीर्ण केली त्यावरून ठरते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे 1990 साली स्थापन झालेल्या आणि 2018 पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणाऱ्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात.

म्हणजे रावेरच्या विद्यार्थ्याने बारावी पुण्यातून केली, तर पुण्यातील महाविद्यालयांत तो घरचा ठरतो आणि जळगाव-धुळ्यात बाहेरचा. अमळनेरच्या कनिष्ठ महाविद्यालयातून बारावी केलेल्याचे नेमके उलट. यात चांगले-वाईट असे काही नाही, फक्त हे गणित दहावीनंतरच माहीत असावे. पुण्यातील नामांकित महाविद्यालयांत बाहेरच्यांसाठीचा कट-ऑफ घरच्यांपेक्षा बराच वर असू शकतो, आणि ‘माझ्या मैत्रिणीला माझ्यापेक्षा कमी पर्सेंटाइलवर तिथेच कसे मिळाले’ या दरवर्षी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा इथे असते. वैद्यकीय प्रवेशातील विभागीय 70:30 कोटा 2020 मध्ये रद्द झाला, त्यामुळे तिकडे हा विचार लागू नाही. धुळे, जळगाव किंवा नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात खानदेशातील विद्यार्थ्याला प्रादेशिक सवलत मिळत नाही.

पैसा: किती लागेल आणि कधी लागेल

किती लागेल याची चौकशी सगळे करतात, कधी लागेल याची फार थोडे करतात. प्रवेशाच्या फेऱ्या जुलै-ऑगस्टमध्ये होतात. त्याच सुमारास कपाशीला खताचा दुसरा हप्ता, निंदणी आणि फवारणी चालू असते, पीककर्जाची रक्कम मातीत गेलेली असते आणि कापसाचा पैसा दसरा-दिवाळीशिवाय हातात येत नाही. केळीवाल्यांचे थोडे बरे, पण भाव पडला तर त्यांचेही तसेच. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत, कापूस विकला जात असतानाच, पहिल्या वर्षाच्या रकमेतील एक भाग मुदत ठेवीत किंवा वेगळ्या खात्यात टाकून त्याला हात न लावणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. ही रक्कम साधारणपणे पहिल्या हप्त्याची फी, वसतिगृहाची अनामत, दोन महिन्यांची खाणावळ आणि प्रवासखर्च एवढी असावी. ऐनवेळी सावकाराकडून किंवा अडतदाराकडून उचल घेऊन भरलेल्या फीचे व्याज शैक्षणिक कर्जापेक्षा कितीतरी जास्त पडते.

फीचा आकडा महाविद्यालयाच्या माहितीपत्रकावरून घेऊ नये. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर महाविद्यालयनिहाय पाहता येते. त्यापलीकडे देणगी मागणे 1987 च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. जी रक्कम द्याल तिची पावती घ्या, आणि पावती मिळत नसेल तर ती रक्कम देऊ नका.

आता सवलतींचे पाहू. वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत शिक्षण शुल्काच्या 50 टक्के प्रतिपूर्ती मिळते. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागासवर्गातील मुलींना, उत्पन्न 8 लाखांपर्यंत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात 100 टक्के सवलत लागू झाली. अनुसूचित जाती-जमातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृह न मिळालेल्यांसाठी स्वाधार, स्वयम् आणि आधार अशा प्रवर्गनिहाय योजना आहेत, तर अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. ‘टीएफडब्ल्यूएस’ म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या 5 टक्के अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येच्या वरच्या, जागाही असतात, त्यांचा पसंतीक्रमातील सांकेतांक वेगळा असतो आणि कट-ऑफ बऱ्याचदा सर्वसाधारण जागेपेक्षा चढा असतो.

या बहुतेक सवलतींना एक समान अट आहे: प्रवेश कॅपमधून झालेला असावा. संस्थास्तरावरील म्हणजे मॅनेजमेंट कोट्यातील जागा, तसेच अभिमत आणि खासगी विद्यापीठे यांतून साधारणपणे वगळली जातात. शिरपूरचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. या एकाच गावात कॅपमधून भरले जाणारे आर. सी. पटेल तंत्रज्ञान महाविद्यालय आहे आणि स्वतःच्या प्रवेश परीक्षेने प्रवेश देणाऱ्या एनएमआयएमएस या अभिमत विद्यापीठाचा परिसरही आहे. शिकवणीचा दर्जा हा वेगळा विषय, पण पालकाच्या खिशाच्या दृष्टीने ही दोन पूर्णतः वेगळी गणिते आहेत आणि ती एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडल्याशिवाय तुलना होत नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडे अजूनही मुलाला पुण्याला आणि मुलीला ‘जवळच्या’ महाविद्यालयात, अशी वाटणी सहजपणे होते. शुल्कमाफीनंतर हे गणित पैशाच्या बाजूनेही उलटे झाले आहे, कारण बाहेरगावी मुलीचा खर्च मुख्यतः राहण्या-जेवणाचा उरतो. जिथे मुलीचा पर्सेंटाइल तिला दूरच्या चांगल्या महाविद्यालयात नेऊ शकतो, तिथे केवळ अंतरासाठी तिचे नाव खाली आणणे हा काटकसरीचा निर्णय राहिलेला नाही.

कर्ज काढायचे असेल तर पीएम विद्यालक्ष्मी योजना पाहावी. तिला केंद्रीय मंत्रिमंडळाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी मंजुरी दिली. निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना विनातारण, विनाजामीन कर्ज आणि उत्पन्न 8 लाखांपर्यंत असल्यास 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात व परतफेडीच्या सवलतीच्या काळात 3 टक्के व्याजसवलत असे तिचे स्वरूप आहे. आपले महाविद्यालय त्या यादीत आहे का, हे पसंतीक्रम भरण्याआधी पाहावे. कर्ज मुलाच्या नावावर असते, पालक सहकर्जदार असतात. म्हणून हप्ता किती बसेल हे त्याला बसवून समजावणे आवश्यक आहे.

घरातील बोलणे

बारावीची परीक्षा आणि सीईटी संपल्यानंतर, निकाल लागण्याआधी, एक शांत संध्याकाळ यासाठी काढावी. निकालानंतर सगळेच तापलेले असतात. त्या दिवशी आई, वडील आणि विद्यार्थी यांनी तीन वेगळ्या कागदांवर, एकमेकांना न दाखवता, आपापल्या मते पहिले दहा पर्याय लिहावेत: शाखा आणि गाव किंवा महाविद्यालय. मग कागद एकत्र ठेवावेत. जिथे तिघांचे जुळते तिथे बोलण्यासारखे काही नाही. जिथे जुळत नाही तिथे प्रत्येकाने कारण सांगायचे, आणि कारण सांगताना ‘लोक काय म्हणतील’ आणि ‘सगळे तेच घेतात’ ही दोन कारणे चालणार नाहीत असे आधीच ठरवून घ्यावे.

अशा बैठकीत बहुधा असे निघते की वडिलांना ‘कॉम्प्युटर’ हवे असते कारण नोकरी लवकर लागते, आईला जळगाव हवे असते कारण आजारपणात एसटीने दोन तासांत पोचता येते, आणि मुलाला सिव्हिल किंवा कृषी हवे असते आणि त्याने ते आजवर कोणाला सांगितलेले नसते. तिघांचीही कारणे खरी आहेत. पालकांच्या कारणांतील जी कारणे पैशाची आणि सुरक्षिततेची आहेत ती त्यांनी ठामपणे मांडावीत, मर्यादेचा आकडा स्पष्ट सांगावा. ‘वर्षाला राहण्या-जेवणासह दीड लाखाच्या वर आपल्याला झेपणार नाही’ हे वाक्य ऐकून सतरा-अठरा वर्षांचे मूल मोडून पडत नाही. मोडून पडते ते प्रवेश मिळाल्यानंतर ‘आता एवढे पैसे कुठून आणू’ हे ऐकून. शाखेच्या बाबतीत मात्र शेवटचा शब्द मुलाचा असावा, कारण एम-थ्रीचा, म्हणजे अभियांत्रिकीतील गणिताचा, पेपर पुन्हा द्यायची वेळ आली तर तो त्यालाच द्यावा लागणार आहे.

शेजाऱ्यांच्या, भाऊबंदांच्या मुलांचे पर्सेंटाइल या काळात घरात काढू नयेत. मूल गप्प राहू लागले, जेवण-झोप बिघडली किंवा ‘माझ्यामुळे तुमचे पैसे वाया गेले’ असे बोलू लागले, तर ते बोलणे हसण्यावारी न नेता डॉक्टरांकडे जावे. ‘टेली-मानस’ची 14416 ही शासकीय मदतवाहिनी चोवीस तास उपलब्ध असते आणि तिथे मराठीतूनही बोलता येते.

कट-ऑफ वाचणे आणि यादी रचणे

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. 90 पर्सेंटाइल याचा अर्थ परीक्षा दिलेल्यांपैकी 90 टक्के विद्यार्थी त्याच्या बरोबरीने किंवा त्याच्या मागे आहेत, एवढाच. एमएचटी-सीईटी 200 गुणांची असते, त्यात चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, आणि परीक्षा अनेक सत्रांत होत असल्याने गुणांचे सामान्यीकरण होते. त्यामुळे ‘किती मार्क पडले’ यावर अंदाज बांधण्यापेक्षा गुणवत्ता यादीतील क्रमांकावर बांधावा.

सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर मागील वर्षांचे फेरीनिहाय कट-ऑफ असतात. त्यातील सांकेतिक अक्षरे एकदा समजली की कागद बोलू लागतो. सुरुवातीचे ‘जी’ म्हणजे सर्वांसाठी, ‘एल’ म्हणजे महिलांसाठीच्या 30 टक्के जागा, मधली अक्षरे प्रवर्गाची, आणि शेवटचे ‘एच’ म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ‘ओ’ म्हणजे बाहेरचे, ‘एस’ म्हणजे राज्यस्तर. ‘जी-ओपन-एच’ आणि ‘जी-ओपन-ओ’ या दोन ओळींतील फरक आपल्या शाखेसाठी पाहिला की वर सांगितलेले होम युनिव्हर्सिटीचे म्हणणे डोळ्यांसमोर येते. किमान दोन वर्षांचे आकडे घ्यावेत आणि पहिल्या फेरीचा कट-ऑफ व शेवटच्या फेरीचा कट-ऑफ हे दोन्ही वहीत शेजारी लिहावेत. त्या वहीत एका ओळीला एक पर्याय, आणि रकाने असे: सांकेतांक, शाखा, दोन वर्षांचे कट-ऑफ, फी, वसतिगृह आहे की नाही, घरापासून जायला लागणारा वेळ, आणि शेवटी मुलाच्या अक्षरात एक वाक्य, ‘इथे का’.

यादी रचण्याचा नियम एका वाक्यात सांगता येतो, पण तो पाळला जात नाही: जे मिळण्याची शक्यता जास्त ते वर नव्हे, जे हवे ते वर. वाटपाची यंत्रणा गुणवत्ता क्रमाने विद्यार्थी घेते आणि त्याची यादी वरून खाली वाचत जाते. अवघड महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकले म्हणून खालच्या पर्यायातील आपला हक्क कमी होत नाही. ‘वरचे न मिळाले तर खालचेही जाईल’ ही भीती निराधार आहे आणि या भीतीपोटी दरवर्षी चांगले पर्सेंटाइल असलेली मुले आपल्या पात्रतेपेक्षा खालच्या ठिकाणी जातात.

याला जोडून दुसरा नियम, जो आपोआप फ्रीझ होण्याच्या तरतुदीमुळे आला आहे: जिथे जायचेच नाही ते यादीत टाकू नये, आणि पहिल्या सहांत तर ज्याविषयी घरात एकमत झालेले आहे तेच असावे. प्रत्येक फेरीत पर्याय नव्याने भरता येत असल्यास आधीच्या फेरीचा कट-ऑफ पाहून यादी सुधारावी. ज्यांची जागा आपोआप फ्रीझ झालेली नाही त्यांना ती स्वीकारून पुढच्या फेरीत वरचा पर्याय मागता येतो, यालाच ‘बेटरमेंट’ म्हणतात. वरचा मिळाला तर आधीची जागा आपोआप सुटते, न मिळाल्यास हातातली राहते. मात्र वरची मिळाली तर आधीच्या जागेवर परतता येत नाही, म्हणून बेटरमेंटची निवड करताना वरच्या सर्व पर्यायांना खरोखर होकार आहे ना, हे पुन्हा एकदा विचारावे.

दोन-तीन जागांमधून निवडायची वेळ

कॅपखेरीज जोसा (आयआयटी-एनआयटींची संयुक्त जागावाटप प्रक्रिया), अभिमत विद्यापीठांच्या परीक्षा, केंद्रीय विद्यापीठांसाठी 2022 पासून सुरू झालेली सीयूईटी आणि 2024 पासून बीबीए-बीसीएसाठी सुरू झालेली सीईटी अशा वेगवेगळ्या वाटांनी हातात एकाहून अधिक जागा येऊ शकतात. कॅपची यादी भरतानाही तुलना अशीच करावी लागते. समजा, यावल तालुक्यातील एका मुलीसमोर यादीत वर टाकण्यासाठी तीन पर्याय आहेत: जळगावच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत शाखा, शिरपूरला संगणक शाखा, आणि पुण्याच्या उपनगरातील एका खासगी महाविद्यालयात माहिती तंत्रज्ञान. तिन्ही जागा कॅपमधील असल्याने आणि ती सवलतीस पात्र असल्याने शिक्षण शुल्काचा प्रश्न नाही. पुण्यात राहणे-जेवणे महिन्याला 12,000 रुपये धरले, तर वर्षातील दहा महिन्यांचे 1,20,000 आणि चार वर्षांचे 4,80,000 होतात. इकडे वसतिगृहात महिना 6,000 धरले तर तोच आकडा 2,40,000 येतो. प्रश्न असा विचारायचा की, हे 2,40,000 जास्तीचे देऊन पुण्यातले ते विशिष्ट महाविद्यालय नेमके काय जास्त देते? ‘पुणे’ हे उत्तर पुरेसे नाही. पुण्यातही अशी महाविद्यालये आहेत जिथे पहिल्या वर्षाला शिकवायला पूर्णवेळ प्राध्यापक पुरेसे नाहीत.

उत्तर शोधण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना आपली भरलेली माहिती संकेतस्थळावर द्यावी लागते. त्यात किती विद्यार्थी वेळेत उत्तीर्ण झाले, कितींना नोकरी लागली आणि मध्यम वेतन किती, हे असते. फलकावर झळकणाऱ्या सर्वोच्च पॅकेजपेक्षा हा मध्यम आकडा पाहावा. एनबीए म्हणजे राष्ट्रीय मानांकन मंडळाचे मानांकन महाविद्यालयाला नव्हे तर एकेका शाखेला मिळते, म्हणून आपल्या शाखेला ते आहे का आणि कोणत्या वर्षापर्यंत आहे, हे विचारावे. नव्याने सुरू झालेल्या, भारदस्त नावाच्या शाखांच्या बाबतीत पहिली तुकडी बाहेर पडली आहे का, हा साधा प्रश्न विचारला की बरेच काही कळते.

मग प्रत्यक्ष जाऊन यावे, तेही सुट्टीच्या दिवशी नव्हे. भुसावळ किंवा जळगावहून महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला जाणे जमते, नंदुरबारकरांना सुरत जवळ पडते. प्रवेश कक्षातील चहापानानंतर लगेच निघू नये. प्रयोगशाळेच्या दारातून आत पाहावे: यंत्रांवरची धूळ, रोजनाम्यातील शेवटची तारीख, संगणक किती चालू. वसतिगृहाच्या खाणावळीत रात्रीच्या जेवणाच्या वेळी जावे. बाहेरच्या चहाच्या टपरीवर तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुले भेटतात, त्यांत जळगाव-धुळ्याकडचे कोणीतरी हमखास निघते. त्याच्याशी मुलाला एकट्याला बोलू द्यावे आणि पालकांनी जरा लांब उभे राहावे. रॅगिंग, परीक्षेचा निकाल, प्राध्यापक तासाला येतात का, हे प्रश्न वडील समोर असताना विचारले जात नाहीत.

शाखा की महाविद्यालय, या सनातन वादात माझे मत असे आहे की, शाखेची ओढ स्पष्ट असेल तर शाखा घ्यावी. ओढ स्पष्ट नसेल तर ज्या ठिकाणी प्राध्यापक पुरेसे आहेत आणि खर्च झेपतो असे महाविद्यालय घ्यावे. जळगावचे शासकीय महाविद्यालय आणि विद्यापीठाच्या परिसरातील रासायनिक तंत्रज्ञान संस्था यांच्याकडे ‘गावातलेच’ म्हणून दुर्लक्ष करण्याची आपल्याकडची सवय मला अजिबात पटत नाही.

जागा निश्चित झाल्यावर

फी भरण्याची आणि महाविद्यालयात हजर होण्याची शेवटची तारीख चुकली तर जागा जाते, आणि संध्याकाळी पाचनंतर संकेतस्थळ कोणाचे ऐकत नाही. मूळ कागद देण्याआधी प्रत्येकाच्या चार-पाच साक्षांकित प्रती करून ठेवाव्यात आणि काय दिले त्याची यादी शिक्क्यासह घ्यावी. दुसरीकडे जागा मिळाल्याने प्रवेश रद्द करायचा असेल तर तो ठरवून दिलेल्या तारखेच्या आत ऑनलाइन करावा. मुदतीत केला तर प्रक्रिया शुल्क वजा करून रक्कम परत मिळते, मुदतीनंतर केला तर बहुतेक फी बुडते. केवळ तोंडी सांगितलेला रद्द हा रद्द नसतो.

महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेशानंतर स्वतंत्रपणे भरावा लागतो, तो आपोआप होत नाही, आणि दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागते. यासाठी विद्यार्थ्याचे स्वतःचे बँक खाते आधारशी जोडलेले असावे. जोडणी तपासण्यासाठी बँकेत जाऊन ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग झाले आहे का’ असे स्पष्ट विचारावे, कारण केवायसी झाली म्हणजे सीडिंग झाले असे नाही. अर्ज भरल्यावर तो महाविद्यालयाच्या लिपिकाच्या खात्यात प्रलंबित राहतो. तो पुढे गेला की नाही हे मुलाने दर पंधरवड्याला पाहावे, आणि त्रुटी निघाल्यास ती त्याच आठवड्यात दुरुस्त करून अर्ज पुन्हा सादर करावा.